रस्त्याकडे पाठ

पनवेलच्या आमच्या लाडक्या हॉटेलात जागा जेमतेम, पण चहा असा की घरचा नकोसा व्हावा. मी भिंतीला टेकून बसे. समोर एक गृहस्थ रोज रस्त्याकडे पाठ करून बशीतला चहा फुंकत बसायचा. मी तेव्हा साठीची, केस नुकतेच काळे केलेले. मला भवानीला वाटलं, आपल्यासाठीच बसतो. एकदा ठसक्यात विचारलं, "दादा, रस्त्याकडे तोंड करून बसलात तर काय बिघडेल?"

"समोर टावर हायत ना बाय, तितं आमचं मिठागर व्हतं. बगवत नाय."

माझा सगळा ठसका उतरला.

गेल्या महिन्यात मालकाने माझ्या पाठीमागच्या भिंतीवर मोठा आरसा लावला. गृहस्थाने बशी तोंडाला लावली आणि आरशात त्याला टॉवर दिसले.

"इतं पन आलं," म्हणाला, आणि चहा तसाच टाकून उठला.

पुन्हा आला नाही. टॉवर न दिसणारं हॉटेल आता पनवेलात त्याला कुठे मिळणार?