पिंजलेल्या कापसावरचा हळीव

पोला कुबियाक आमच्या गिरणीत पिंजणखात्यात होती. पूर्ण नाव आपोलोनिया, पण ते फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं. मी त्याच खात्यात फिटर होतो. पिंजणाच्या दात्यांना धार लावायची, पट्टे बदलायचे, तेलपाणी बघायचं. वुच शहरात तेव्हा दर दुसऱ्या घरातलं माणूस गिरणीत असायचं, त्यामुळे कोण कसं काम करतं ते लपून राहत नसे. पोलाबद्दल दोन मतं नव्हती. तिच्या यंत्रातून उतरणारा पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल दोरी, पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत एका जाडीचा. पेळू पडायचा डबा भरत आला की ती आधीच तिथे उभी. तिला धावताना मी कधी पाहिलं नाही. जी बाई धावते तिने आधी कुठेतरी गप्पा मारलेल्या असतात, असं तिचं म्हणणं.

नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. वडील वालेंती आणि ती, एवढंच घर. गिरणीच्या लाल विटांच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली, नळ बाहेर बोळात. वालेंती त्याच खोलीत जन्मले, तिथूनच विणकामाला जाऊ लागले आणि मागांच्या खडखडाटात दोन्ही कान घालवून बसले. खोली गिरणीची होती. वयाने निवृत्त झालात तर राहू देत. शिस्तभंगात काढलं तर खोली रिकामी करायची, आत कोण म्हातारं आहे, कोण आजारी आहे, ते कोणी पाहत नसे. वालेंतींच्या नावावरची खोली आता पोलाच्या नावावर होती.

खिडकी दक्षिणेला, दुहेरी काचांची, दोन काचांमध्ये वीतभर जागा. बाकीच्या घरांत तिथे हिवाळ्यात लोणी ठेवायचे. पोलाकडे तिथे ताटल्या असायच्या. एका ताटलीत नुकताच पेरलेला हळीव, दुसरीत मोड आलेला, तिसरीत कापायला आलेला. हळीव एकदा कापला की पुन्हा फुटत नाही, म्हणून एक ताटली संपायच्या आत दुसरी तयार हवी. पोलाला हे शिकवावं लागलं नव्हतं. गिरणीत डबे असेच बदलतात.

बी तिचं स्वतःचं. शहराबाहेर कामगारांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे दिले होते. तिथे ती एक ओळ न कापता ठेवायची, फुलू द्यायची, वाळू द्यायची आणि हाताने चोळून पाखडून आणायची. ओल्या कापसावर बी दाट पसरायचं, पण एकावर एक नको. वर दुसरी ताटली उपडी झाकायची. बियांना बुळबुळीत पापुद्रा सुटतो, तो धुवायचा नाही, त्यानेच बी चिकटून राहतं. वरून पाणी ओतायचं नाही, कडेने सोडायचं. मोड उभे राहिले की झाकण काढून उजेडात. बोटभर वाढला की कात्रीने कापसालगत कापायचा. पावावर पांढरं चीज, मीठ आणि वर मूठभर हळीव. नाकाला झणका बसला पाहिजे.

वालेंतींच्या तोंडात दात नव्हते. त्यांच्यासाठी ती हळीव बारीक चिरून मऊ उकडलेल्या अंड्यात कालवायची. अंडं पोटात जाईपर्यंत ते सकाळी कोणाशी बोलत नसत. त्यानंतर थांबत नसत.

ईस्टरच्या आधी चाळीतल्या बायका आपापल्या ताटल्या पोलाकडे आणून ठेवायच्या. ईस्टरच्या सकाळी टेबलावर अंडी हवीत, सॉसेज हवं आणि हिरव्या हळिवात उभं केलेलं साखरेचं कोकरू हवं. कोकरू दुकानात मिळायचं, हिरवळ पोलाकडे. लवकर पेरला तर हळीव पिवळा पडून लोळतो, उशिरा पेरला तर कोकरू पांढऱ्या काड्यांत उभं राहतं. पोलाचा कधी चुकला नाही.

मी सांगतो आहे त्या वर्षी रस्त्यावर लष्कराच्या गाड्या होत्या आणि दुकानांत काहीच नव्हतं. औषधाच्या दुकानातही कापूस नव्हता. कापसाच्या शहरात बोटभर कापूस विकत मिळेना. पोलाने स्वतःपुरतं जुन्या फ्लॅनेलवर भागवलं, पण चाळीच्या ताटल्यांना पुरेल एवढं फ्लॅनेल कुठून आणणार? बायकांनी आपापला मार्ग काढला.

मी वालेंतींच्या शेगडीचं दार बसवायला वर गेलो होतो तेव्हा शेजारची मिरका आपली ताटली घेऊन आली. ती सूतकताईत होती.

"बघ गं," ती म्हणाली. "माझा मीच पेरला. म्हटलं, तुला त्रास नको."

पोलाने एक काडी तोडून चावली आणि बोळातल्या मोरीत जाऊन थुंकली.

"कापूस कुठला?"

"आमच्याच खात्यातला, यंत्रांखालचा. केराचा आहे, गेटवर कोणी विचारत पण नाही."

"यंत्राचं तेल पिऊन वाढलाय तुझा हळीव. पोरांना हे घालणार? त्यापेक्षा फेलेकची तेलाची बुधली दे चाटायला." फेलेक म्हणजे मी.

"मोठी आली शहाणी! मग तूच आण ना चांगला कापूस. बोलायला काय जातं?"

"आणते," पोला म्हणाली.

मी हातोडी खाली ठेवली. पोला काय आणणार ते मला कळलं होतं. डबा बदलताना पेळूचं टोक तुटतं. ती टोकं पेटीत जमा होतात आणि पुन्हा पहिल्या यंत्रात जातात. धुतल्यासारखा पांढरा, पिंजलेला माल. केराचा कापूस नेताना पहारेकरी दुसरीकडे बघायचे. टोकांच्या बाबतीत तसं नव्हतं. तो गिरणीचा माल होता आणि माल नेला तर नोकरी जायची.

"पोला, केराचा आण हवा तर," मिरका गेल्यावर मी म्हणालो. "धुऊन घे."

"तेल धुऊन जातं का? तू फिटर आहेस ना?"

मी हातोडी पुन्हा उचलली.

पहिल्या वेळी ती सुखरूप बाहेर पडली. ताटल्या पेरल्या गेल्या, त्यांत मिरकाचीही, आणि हळीव उगवला. आठवड्याने राहिलेल्या ताटल्यांसाठी तिने पुन्हा टोकं घेतली.

गेटवर एक बटण होतं. बाहेर पडताना प्रत्येकाने ते दाबायचं. हिरवा दिवा लागला तर घरी जा, लाल लागला तर झडती. दिवा माणूस बघून लागत नसे. पोलाने बटण दाबलं आणि लाल लागला. मी तिच्या मागेच होतो. ज्यांना सवय होती त्या बायका कापूस अंगाला गुंडाळून वर पट्टा बांधायच्या. पोलाने तो पिशवीत पावाच्या कागदावर ठेवला होता. वर साधा रुमालही नव्हता.

पहाऱ्याचा मुख्य होता झेनोन पाखोल्स्की. आधीच्या मुख्याला ढिलाईसाठी काढलं होतं, त्यामुळे हा प्रत्येक गोष्ट दोनदा बघायचा.

"पोलाबाई, हे काय?"

"कापूस."

"ते दिसतंय. कशाला?"

"हळिवाला."

मागच्या रांगेत हसू फुटलं. "हळिवाला थंडी वाजते वाटतं!" कोणीतरी ओरडलं.

"मागच्या आठवड्यात पण नेला होता," पोला म्हणाली. "तो घरी आहे."

झेनोनने डोळे मिटले. "बाई, मी विचारलं होतं का तुम्हाला?"

"नंतर विचारलं असतंत."

रांगेतलं हसणं थांबलं. हे सगळ्यांनी ऐकलं होतं, म्हणजे आता झेनोनला तिच्या घरी जाऊन माल ताब्यात घेणं भाग होतं. अशा वेळी कामगारांकडून एक माणूस सोबत लागतो. मी समोर होतो, मला घेतलं.

वालेंती खिडकीपाशी बसले होते. पोलाने त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "बाबा, गेटवरचा झेनोन आलाय!" ते खूष झाले. घरी माणूस आलं की ते खूष व्हायचे.

"कापूस कुठे आहे?" झेनोनने विचारलं.

"हा काय, हळिवाखाली."

झेनोनने एक ताटली उचलली आणि चिमटीत हळीव धरून ओढून पाहिला. कापूस सगळाच वर आला. मुळं आरपार गेली होती.

"हा वेगळा कसा करायचा?"

"नाही होत."

"मग मी नेऊ काय?"

"सगळंच न्या. ताटली तेवढी धुऊन परत करा, मिरकाची आहे."

एवढ्यात वालेंती कात्री घेऊन उठले. झेनोनच्या हातात ताटली तशीच, आणि म्हातारा त्यातलाच हळीव कापून पावावर घालायला लागला.

"आजोबा, अहो, मी खायला आलेलो नाही. कामावर आहे मी."

वालेंतींना ऐकू येत नव्हतं. त्यांनी पाव त्याच्या पुढ्यात केला. "बस की. उभ्याउभ्या काय खातोस? बस! लाजतोस काय पोरीसारखा?"

झेनोनने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तो बसला आणि एक घास खाल्ला, मग सगळा पाव. नंतर त्याने मीठ मागितलं. वालेंतींनी दुसरा पाव दिला.

"तेल नाही, माती नाही," म्हातारा मोठ्याने सांगत होता. ऐकू न येणारे मोठ्यानेच बोलतात. "माझी पोर केराला हात लावत नाही. पहिल्या प्रतीच्या कापसावर पेरते. बघ खाऊन!"

"बाबा, पुरे," पोला म्हणाली. ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

झेनोनने ताटली होती तिथे ठेवली, टोपी घातली आणि बाहेर पडला. जिन्यात थांबून त्याने मला विचारलं, "फेलेक, काढतील का रे तिला?"

"मालाची चोरी, आणि तीही दोनदा. काढतील."

"मग खोली?"

"नियम तुला पाठ आहेत."

"म्हातारा कुठे जाईल?"

मी जिना उतरू लागलो.

सुनावणी ईस्टरच्या आधीच्या सोमवारी झाली, खात्याचे मुख्य बोगुमिलसाहेब यांच्या खोलीत. साहेब, झेनोन, कामगारांकडून मी आणि समोर पोला, एप्रनवर कापसाचे तंतू तसेच. दार उघडं होतं. दाराशी मिरका आणि आणखी काही बायका कामाचं निमित्त काढून उभ्या होत्या.

"काय सापडलं?" साहेबांनी विचारलं.

"केराचा कापूस," झेनोन म्हणाला.

"घरी?"

"घरी पण केराचाच. मळका."

"गेटवर पकडलेला कुठे आहे?"

"टाकून दिला साहेब. घाण होता. ठेवणार कुठे?"

बोगुमिलसाहेबांनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. हाताशी पांढरी टोकं असताना पिंजणखात्यातली बाई केर कशाला वेचायला जाईल, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण नवी बाई शिकवून तयार करणं त्यांनाही नको होतं.

"बाई, पहाऱ्याचं म्हणणं तुम्ही ऐकलंत. केराचा असेल तर तोंडी समज देऊन सोडतो. तुम्ही फक्त हो म्हणायचं. केराचा होता?"

पोलाची मान लाल झाली होती.

"साहेब," ती म्हणाली, "केराच्या कापसाला तेल असतं. त्याच्यावर पेरलेलं माणसाने..."

"पोला," मी मध्ये बोललो. "वालेंतींनी सकाळी खाल्लं का?"

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. "खाल्लं. त्याचं आता काय?"

"कुठे बसून?"

"कुठे म्हणजे? खिडकीत, आपल्या..." ती थांबली.

झेनोन टोपीचा काठ बोटांनी फिरवत होता. पोलाने 'नाही' म्हटलं असतं तर खोटं सांगितलं म्हणून तोही गेला असता.

"केराचा होता," पोला म्हणाली.

"जरा मोठ्याने, बाई."

"केराचा होता! यंत्रांखालून गोळा केला. तेलकट, मळका. न धुता तसाच ताटल्यांत घातला आणि त्याच्यावर पेरला." अर्धं काम तिला कधी जमलं नाही. खोटंही ती पुरं बोलली. "जाऊ का साहेब? यंत्र बंद आहे माझं."

"जा."

ती दारातल्या बायकांमधून वाट काढत गेली. मिरका तिच्या पाठीवर म्हणाली, "बघा! माझ्या तोंडावर थुंकली होती, आणि हिच्या घरी काय, तर तेच! वर शेजाऱ्यांना वाटत होती." पोलाने ते ऐकलं. उत्तर तिच्याकडे होतं. ती यंत्राशी गेली, पट्टा चढवला आणि डबा लावला.

गिरणीत बातमी दुपारपर्यंत फिरली. शनिवारी ईस्टरच्या खाण्याच्या टोपल्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये न्यायच्या होत्या. बायका आपापल्या ताटल्या मागायला आल्या त्या रिकाम्या करून मागायला. कोणी म्हणालं, आम्ही या वर्षी हिरव्या कागदावर कोकरू ठेवतोय. पोलाने प्रत्येक ताटलीतला हळीव कापून घेतला, कापूस शेगडीत टाकला, ताटली धुऊन पुसून हातात दिली. एकीलाही तिने खरं सांगितलं नाही, मिरकालाही नाही.

रविवारी तिने मला जेवायला बोलावलं. टेबलावर अंडी होती, थोडं सॉसेज होतं आणि पातेलंभर हळीव. एवढा हळीव एका टेबलावर मी आधी पाहिला नव्हता. वालेंतींना झाल्या प्रकाराचं कोणी सांगितलं नव्हतं. ते आपल्या जागी बसून खात होते.

"या वर्षी लोकांना द्यायला नाही का ठेवलास?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचं झालं, बाबा!" पोला त्यांच्या कानाशी ओरडली.

"मग वाढ आणखी."

तिने वाढला. मलाही वाढला. नाकात झणका गेला आणि डोळ्यांत पाणी आलं, तसं ते चांगल्या हळिवाने येतंच.