साखरेच्या बाकावर

ठाण्याच्या हॉस्पिटलात मुलांच्या डायबेटिसचा वार असला की बाहेरच्या बाकावर आम्ही आयाच आया. नंबर येईपर्यंत करायचं काय? एकीने सांगितलं की दुसरीला आठवतं, असे किस्से साठतच जातात. मी आंबिवलीहून येते, सातवी शिकलेय. माझी स्वरा आठ वर्षांची, दोन वर्षं इन्सुलिनवर आहे. साखर वाढण्याची भीती सगळ्यांना कळते. आमचा जीव घाबरतो तो ती एकदम उतरली तर म्हणून.

*

कोलशेतच्या भारतीताईंचा मुलगा दहावीत. एकदा कबड्डी खेळून घामाने निथळत आला आणि दिसेल त्याच्यावर खेकसायला लागला. वडिलांच्या अंगावर चप्पल फेकली! त्यांनी हात उचलला. भारतीताईंनी मध्ये पडून त्याचं बोट टोचलं, तर साखर बावन्न! सत्तरच्या खाली म्हणजे धोका.

"अहो, मारताय काय? साखर आणा!"

ग्लुकोजचं पाणी पिऊन पोरगा ताळ्यावर आला. आता वडील चिडले की तोच मशीन घेऊन येतो. "पप्पा, बोट द्या!"

*

डोंबिवलीची रूपाली मुलीच्या दप्तरात चॉकलेट ठेवायची. एक दिवस वर्गात पोरीचे हात थरथरायला लागले, कप्पा उघडते तर आत नुसता कागद. धाकट्या भावाने कधीच फस्त केलेलं! बाईंनी स्टाफरूममधली चहाची साखर आणली म्हणून निभावलं.

इथल्या सिस्टर रूपालीवर ओरडल्या, "चॉकलेटने साखर चढायला वेळ लागतो. ग्लुकोज ठेवा. पाजा, पंधरा मिनिटं थांबा, परत बोट टोचा."

आता दप्तरात ग्लुकोजची डबी असते. वर चिठ्ठी, 'कारल्याची पावडर'. बाईंना खरं सांगून ठेवलंय. भाऊ हात लावत नाही!

*

भारतीताई एका लग्नाला निघालेल्या. एक वाजता जेवण, म्हणून मुलाला घरीच इन्सुलिनची सुई दिली. सुईनंतर वेळेत पोटात काही गेलं नाही की साखर उतरते. घोडबंदर रोडला गाड्या हलेनात. दीड वाजला, पोरगा मागच्या सीटवर बोबडं बोलायला लागला. शेजारच्या फुलं लावलेल्या गाडीत नवरदेवच अडकलेला, हातात आंब्याचा ज्यूस!

"नवरदेवाच्या तोंडचा ज्यूस काढून आणला मी! तेव्हापासून ताट समोर आल्याशिवाय सुई नाही."

अख्खा बाक हसला. मला हसू आलं नाही.

*

मागच्या गणपतीत माझ्याकडून हेच झालेलं. आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी तोंडात काही टाकत नाही, हा सासूबाईंचा नियम. साडेबाराला आरती आटपते, म्हणून मी स्वराला सव्वाबाराला सुई दिली. पण शेजारपाजारचे आले आणि एकामागून एक आरत्या वाढत गेल्या. स्वराने माझा पदर ओढला. "मम्मी, भूक लागली."

"झालंच गं. दोन मिनिटं."

टाळ्या वाजवता वाजवता ती पडली. डोळे वर गेले, हातपाय झटके देऊ लागले. सासूबाई साखरेचं पाणी घेऊन धावल्या. मला सिस्टरचं बोलणं आठवलं, बेशुद्ध पोराच्या तोंडात थेंबही घालायचा नाही, श्वासात जातो. मी सासूबाईंचा हात ढकलला. लग्नानंतर पहिल्यांदाच!

रिक्षात तिला कुशीवर धरून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी शिरेतून साखर दिली. स्वराने डोळे उघडले आणि विचारलं, "मम्मी, आरती संपली?"

सासूबाई बाहेर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

*

ह्या वर्षी ताट येईपर्यंत सुई द्यायचीच नाही, असं मी ठरवलेलं. पण सकाळपासून दुर्वा-फुलांसाठी स्वराचं जिने चढणं-उतरणं चालूच होतं, आणि धावपळीनेही साखर उतरते. आरती सुरू झाली. ताम्हण सासूबाईंच्या हातात, पण नजर गणपतीकडे नव्हती, स्वराकडे होती. तिच्या ओठांवर घाम आलेला. मी बोट टोचलं. अठ्ठावन्न.

सासूबाईंनी ताम्हण ह्यांच्या हातात दिलं. गणपतीपुढची नैवेद्याच्या साखरेची वाटी उचलली, पाण्यात ढवळली आणि स्वराच्या तोंडाला लावली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, अजून नैवेद्य दाखवायचाय!"

"घड्याळ बघा," सासूबाई म्हणाल्या. "पंधरा मिनिटं कोणी काही म्हणायचं नाही."

वीस-पंचवीस माणसं हात जोडून गप्प उभी. निरांजनात दोनदा तूप घालावं लागलं. पंधरा मिनिटांनी मी परत बोट टोचलं.

"एकशे चार."

सासूबाईंनी ताम्हण परत हातात घेतलं.

"हं. म्हणा आता."