फरशीपुलाअलीकडची हाक

मी अठ्ठावीस वर्षे आरेखक आहे. तलाव, कालवे, शिवरस्ते यांचे नकाशे काढण्यात आयुष्य गेले. जे जागेवर जाऊन मोजलेले नाही ते कागदावर उतरू द्यायचे नाही, एवढाच माझा धर्म. त्यामुळे भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी वाद घालत नसे, नुसता उठून जात असे. या सदरातले अनुभवही मी आजवर संशयानेच वाचले. आज स्वतः लिहितो आहे ते कुणाची खात्री पटवण्यासाठी नव्हे. या प्रकारातली एक चूक निश्चितपणे माझी आहे... उरलेले कुणाचे, ते मला माहीत नाही.

नांदेडला आमचा सायकलवाल्यांचा लहानसा गट आहे. डांबर सोडून मुरमाच्या, नदीकाठच्या, जंगलातल्या वाटांनी जायचे, त्यासाठी जाड टायरची ग्रॅव्हल बाईक वापरायची. अशा वाटा शोधून, मोबाईलवर रूट तयार करून गटात टाकण्याचे काम माझ्याकडे असे. नियम दोनच. रूट टाकणाऱ्याने ती वाट आधी स्वतः चालवून पाहिलेली असावी. दुसरा नियम हाकेचा – आंधळ्या वळणावर किंवा उतारावर पुढच्याने ओरडून सांगायचे, “खड्डा!”, “जनावरं!” नाहीतर “वाट मोकळी!” मागच्याने तेच शब्द परत म्हणायचे. मागून शब्द आले नाहीत, तर पुढच्याने थांबायचे.

गटात माझी जोडी अप्पांशी. मूळचे लातूर जिल्ह्यातल्या मुरुडचे, नांदेडला भांड्यांचे दुकान. सकाळी लिंगपूजा आटोपल्याशिवाय सायकलला हात लावायचे नाहीत, म्हणून सगळे त्यांच्यासाठी खोळंबायचे आणि आल्याआल्या तेच आम्हाला उशिराबद्दल बोलायचे.

“ओ नकाशेवाले,” ते मला चिडवत, “चढ आसला की तुमी सांगत न्हाई, आन् उतार आला की फोटो टाकता!”

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी भोकरच्या पुढे, किनवटच्या रस्त्यावरून आत शिरणारी एक वाट शोधली. सागाचे जंगल, दोन टेकड्या, मग खाली नदी आणि तिच्यावर बुटका फरशीपूल. एका रविवारी ती पाहायला गेलो. शेवटचे चार किलोमीटर उरले असताना गुडघा ठणकू लागला, आणि मी मागे फिरलो. घरी येऊन ते चार किलोमीटर उपग्रहाच्या चित्रावर बोटाने ओढले. चित्र कधी घेतलेले ते पाहिले नाही; त्यात पूल अखंड दिसत होता. रूटखाली लिहिले – “स्वतः पाहिला आहे. वाट मोकळी.”

इतक्या वर्षांत एकाही नकाशावर मी अशी खोटी सही केली नव्हती. इथे केली, कारण हा तर नुसता छंद होता.

पंधरा दिवसांनी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, अप्पा एकटेच त्या वाटेने गेले. त्याआधीच्याच पावसाळ्यात फरशीपुलाचा मधला भाग वाहून गेला होता. अलीकडे तीव्र उतार आणि वळण... ते सायकलसकट खाली गेले. दुपारी गुराख्यांना सापडले. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग गेले. दुकान विकून ते मुरुडला भावाच्या घरी राहायला गेले.

सगळे म्हणाले, अपघात. त्याच संध्याकाळी मी तो रूट काढून टाकला आणि कुणाला काही बोललो नाही. वर्षभरात दोनदा मुरुडला जाऊन आलो. दोन्ही वेळा वहिनींनी, अप्पांच्या पत्नीने, चहा स्टुलावर ठेवला, माझ्याकडे न पाहता. मी सफरचंदे ठेवून परत आलो.

त्यानंतरच्या जानेवारीत मला झोप लागेनाशी झाली. ठरवले, पाहिल्याचे जे लिहिले ते निदान आता पाहावे, आणि मग अप्पांसमोर उभे राहावे. भोकरपर्यंत गाडीने सायकल नेली आणि उजाडताच निघालो. जंगलात धुके इतके, की दहा पावलांपलीकडचा साग दिसत नव्हता. मुरूम दवाने ओला होता. दुसऱ्या टेकडीपर्यंत ठीक होते. मग उतार लागला...

तेव्हा पुढे कुणीतरी आहे असे जाणवले. पायडल न मारता सायकल सोडली की मागच्या चाकातून टकटक येते, तशी टकटक. मला बरेच वाटले – सोबत मिळाली. मी घंटी वाजवली. उत्तर नाही. टकटक माझ्याच वेगाने पुढे जात राहिली. मी हळू झालो, तर तीही हळू.

आणि वळणापलीकडून हाक आली.

“वाट मोकळी!”

आवाज माझा होता. फोनवर ध्वनिमुद्रित झालेला आपला आवाज आपल्याला परका वाटतो, तसा नव्हे. मी बोलताना माझ्या कानांच्या आत जसा घुमतो, तसा. पण धुक्यातून, पुढून येत होता. पाठोपाठ पुन्हा आला, अधिक मायेने, नवख्याला धीर द्यावा तसा... “वाट मोकळी! या!”

इतक्या वर्षांची सवय. प्रत्युत्तर द्यायला माझे तोंड उघडले, हात ब्रेकवरून सुटला. पण शब्द निघेना. ही वाट मोकळी आहे हे मी पाहिलेले नव्हते. रूटखाली एकदा खोटा लिहिलेला तो शब्द आता माझ्याच्याने म्हणवेना. मी दोन्ही ब्रेक आवळले, मागचे चाक सरकले आणि मी आडवा पडलो. डावा पाय हवेत लोंबकळत होता. त्याच्याखाली फरशी नव्हती. खालून पाण्याचा आवाज येत होता.

टकटक पुढे गेली. तिथे रस्ताच नव्हता, तरी ती पलीकडे गेली... आणि थांबली. जणू मागून शब्द यायची वाट पाहत.

किती वेळ पडून होतो, सांगता येणार नाही. धुके विरल्यावर मागे पाहिले. ओल्या मुरमावर टायरची एकच खूण होती, माझी.

त्याच दिवशी मुरुड गाठले. अप्पा ओसरीवर खुर्चीत होते. खरचटलेले हात पाहून म्हणाले, “काय नकाशेवाले, कुटं पडला?”

मी उभ्यानेच सगळे सांगितले. शेवटचे चार किलोमीटर पाहिले नव्हते, खोटे लिहिले, वर्षभर लपवले. सकाळची हाक मात्र सांगितली नाही. ती सबब वाटली असती.

अप्पांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “रूटचं सोडा ओ. मला येवढंच सांगा, त्या दिवशी तुमी पळाला का?”

मला कळेना. “कुठून पळालो?”

“माज्या म्होरं तुमीच व्हता की. तुमचं ते पिवळं जाकीट. मी म्हनलं, सरप्राईज द्याया आले. उतारावर तुमीच वरडला, ‘वाट मोकळी, या!’ मी बी ‘मोकळी’ म्हनलं आन् सोडली गाडी.” त्यांनी आपल्या पायांकडे पाहिले. “पडल्यावर लई हाका मारल्या तुमाला. वाटलं, भ्याले आसतील. लेकरंबाळं हायत. म्हनून कुनाला सांगितलं न्हाई. हिला तेवढं सांगितलं.”

दारात वहिनी उभ्या होत्या. वर्षभराचे ते न पाहणे मला तेव्हा उमगले.

“अप्पा, मी तिथे नव्हतो. सलीमभाईंच्या दुकानात होतो,” मी म्हणालो. माझ्याच कानांना ते खोटे वाटले.

अप्पांनी फोन उचलला आणि आमच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंना लावून त्या दिवसाचे विचारले. स्पीकरवर त्यांचा आवाज आला, “हाव अप्पा, मला पक्कं याद हाय. सायबांचं वाकडं झालेलं म्होरलं चाक माझ्याकडंच होतं, आउट काढून राहिलो होतो. सकाळधरनं हितंच बसून मला अक्कल शिकवून राहिले होते. तुम्ही पडल्याचा फोन आला तवा सायबांच्या हातातून चहाचा कप सुटला. माझा कप फुटला न् तो!”

फोन ठेवल्यावर मी सकाळची हाक सांगितली. शब्द सांगितले. त्यातली मायाही सांगितली. अप्पांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला.

“मग मला कुनी बोलावलं ओ?”

वहिनींनी चहा आणला आणि या वेळी कप माझ्या हातात दिला.

निघताना अप्पा म्हणाले, “तुमी तितं न्हवता, ह्याचंच वाईट वाटतंय बगा. खरंच आधी जाऊन आला आसता, तर ‘खड्डा’ म्हनला आसता.”

याहून नेमके शब्द मला सुचलेले नाहीत, आणि स्पष्टीकरण तर नाहीच. भास म्हणावा, तर तो दोघांना, वर्षाच्या अंतराने, त्याच शब्दांत कसा झाला? मी अजून सायकल चालवतो, गटात सर्वांत मागे. उतार आला की पुढून हाक येते, एकेक जण ती मागे पोचवत आणतो. शेवटी माझी पाळी येते. मी ब्रेकवर बोटे ठेवतो, आणि आधी पुढचे सगळे आवाज ओळखून घेतो.