कमरेला खोचलेल्या चपला

मला थरारकादंबरीकार म्हणतात. म्हणोत. डहाणूजवळ मसोलीच्या घरात बसून मी चार पुस्तकांत अकरा खून पाडलेत. मुलाखत घ्यायला येणारे हमखास विचारतात, बाई, पत्रकारितेचा अनुभव कामी आला का? आला. पत्रकार म्हणून केलेल्या एका चुकीवरच माझं पहिलं पुस्तक उभं आहे, आणि ती चूक मी कुणालाही विसरू देणार नाही, स्वतःला तर नाहीच.

डहाणू-तलासरीची वार्ताहर म्हणून मी अठरा वर्षं राबले. जिल्ह्याच्या पानावर अपघाताला चार ओळी मिळायच्या. तलासरीकडच्या एका पाड्यावरचा मजूर नाल्यात मेलेला सापडला. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये दोन गोष्टी होत्या: तो दारूच्या नशेत तोल जाऊन पडला, आणि त्याच्या चपला कमरेला खोचलेल्या होत्या. जागा कमी होती. मी चपला कापल्या, दारू ठेवली. पाड्यावर जायचे कष्टही घेतले नाहीत.

आठवड्याने त्याची बायको माझ्या दारात उभी. कुणीतरी वाचून दाखवलेलं कात्रण पदरात बांधून आणलेलं. तिने आवाज चढवला नाही.

"बाय, तो पेत नव्हता," ती म्हणाली. "वासानंच त्याला ओकारी यायची."

मग पोलिसांनी परत दिलेल्या चपला तिने पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवल्या. नव्या होत्या. पाण्यात उतरताना तो नेहमी काढून कमरेला खोचायचा, म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चपला भिजतील एवढं ज्याला कळतंय, तो नशेत कसला? त्याला कुणी मारलं की त्याचा पाय घसरला, हे मला आजही माहीत नाही. पण तो शुद्धीवर होता, एवढं त्या चपला सांगत होत्या, आणि नेमक्या त्याच मी कापल्या होत्या.

संपादकांकडे दुरुस्ती मागितली. पोलीस म्हणाले ते आपण छापलं, दुरुस्ती कसली, असं उत्तर आलं. महिनाभर भांडले, मग काम सोडलं आणि कादंबरी लिहायला बसले. पहिल्याच पानावर नाला, कमरेच्या चपला आणि खोटी प्रेसनोट. मुंबईचे प्रकाशक खूश झाले, पण लगेच उंटावरून शेळ्या हाकायला लागले. मेलेला माणूस चोरून पिणारा निघू दे, शेवटी धक्का बसेल, म्हणे. मी सांगितलं, एक थेंब नाही. पुस्तक दोन वर्षं अडलं. अडू दे म्हटलं. शेवटी दुसऱ्याच प्रकाशकाने काढलं, आणि खपलंही.

मी मोठ्या तोऱ्यात पाड्यावर गेले आणि तिला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"नाव तर दुसऱ्याचंच घातलंस," ती म्हणाली. "मग तो पेत नव्हता, हे कोणाला कळंल?"

माझा तोरा तिथेच उतरला. पुस्तकाने माझं मन हलकं झालं होतं, तिच्या नवऱ्याच्या कपाळावरचा डाग तसाच होता.

पुढच्या महिन्यात डहाणूत माझा सत्कार ठरला. प्रमुख पाहुणे एक पोलीस अधिकारी. आयोजकांनी आधीच बजावलं, जुनं काही उकरून काढू नका, रहस्य कसं रचता तेवढंच सांगा. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिला जीपने आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. माइक हातात आल्यावर बातमीच्या त्या चार ओळी वाचल्या. या मी लिहिल्या आणि या खोट्या आहेत, असं सांगितलं. मग त्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आणि तो पीत नव्हता हे दोनदा म्हटलं.

एकही टाळी पडली नाही. आयोजक शालीची घडी हातात धरून नुसते उभे. अधिकारी घड्याळ बघत होते. ती मात्र खुर्चीवरून उठली, सभागृहाकडे वळली आणि एकेकाचं तोंड नीट बघत राहिली, सगळ्यांनी ऐकलं की नाही ते पाहायला.