बाहेरची कडी

बंबवाले काका जिना चढू लागले की इमारतीत एकच धांदल उडायची. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी चपलांचं कपाट दारातून आत ओढायच्या, त्यांच्या शेजारचे हिशेबनीस कठड्याला बांधलेली सायकल सोडवायला धावायचे, आणि ज्यांना वेळेवर काही हलवता यायचं नाही ते सरळ दार लावून घरात नसल्याचं सोंग घ्यायचे. काका त्यानं थांबणारे नव्हते. ते बंद दारालाच सुनावायचे, "हा जिना आहे, अडगळीची खोली नव्हे. धूर भरला की माणूस डोळ्यांनी नाही, पायांनी वाट शोधतो. त्या पायांत तुमचा पसारा येतो."

काकांची उभी हयात आगीच्या बंबावर गेली. पाण्याच्या पाइपाचं तोंड धरण्यापासून सुरुवात केली आणि तुकडीचे प्रमुख म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं बागेत फिरतात. काका लोकांच्या घरांतून फिरू लागले. कुणी बोलावलं म्हणून जात आणि कुणी बोलावलं नाही तरी जात. गॅसची नळी बदलली का, खिडकीच्या जाळीला उघडणारं दार ठेवलं का, त्याची किल्ली आतल्या खिळ्याला आहे का, की तुमच्या खिशात कचेरीत जाते? आगीवरून बोलणं मग घराच्या कागदांवर घसरायचं. कर्ज फिटल्याचं पत्र हातात घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका. नॉमिनी म्हणून नुसतं नाव नोंदवलं म्हणजे तो माणूस मालक होत नाही. घर नवराबायको दोघांच्या नावावर करा, उद्याचं कुणी पाहिलंय? लोक पाठीमागे हसायचे, पण घर घ्यायचं किंवा विकायचं ठरलं की चहा पाजून काकांनाच विचारायचे.

हसण्यात काकू सगळ्यांच्या पुढे होत्या. "लग्न झाल्यावर ह्यांनी मला पहिल्या दिवशी काय दाखवलं असेल?" त्या बायकांना विचारायच्या आणि स्वतःच उत्तर द्यायच्या, "मेन स्विच!"

एका गोष्टीवर मात्र काकूही हसत नसत. आत माणूस असताना बाहेरून कडी घालायची नाही, हे काका दरडावून सांगायचे. मुलाला शिक्षा म्हणून नाही, थट्टेत नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. नोकरीत असताना त्यांनी एकदा तशी कडी काढून दार उघडलं होतं. त्या दारामागे काय होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर ते जेवले नाहीत, एवढंच काकूंना ठाऊक होतं.

मग काकूंना विसर पडू लागला. आधी शब्द गेले, मग माणसांची नावं, मग दिवस. आपल्याच घरात आपल्याच खुर्चीवर बसून त्या म्हणायच्या, "आता निघते हं मी. घरी वाट बघत असतील." काका म्हणायचे, "अगं, हेच घर." त्या पाहुण्याला शोभेल असं हसायच्या आणि थोड्या वेळानं पुन्हा पदर सारखा करून उठायच्या. एकदा गॅसचं बटण पिरगाळून शेगडी न पेटवताच त्या बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या. एकदा भर दुपारी जिना उतरून चालत्या झाल्या आणि बसथांब्यावर सापडल्या.

तेव्हा काकांनी झोपायच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. स्वतःच्या हातानं, चार स्क्रूंनी, नीट ओळंबा बघून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कुणी म्हणालं असतं तर ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं असतं. म्हणायला कुणी नव्हतंच. कडी कुणाला दिसू नये म्हणून खोलीच्या दारावर पडदा लावला होता.

पावसाळा संपतानाची गोष्ट. काकूंच्या गोळ्या संपल्या होत्या आणि औषधांचं दुकान दुपारी बंद व्हायचं होतं. काकांनी त्यांना पलंगावर बसवलं, गॅसपाशी जाऊ नयेत म्हणून कडी घातली आणि जिना उतरले. शेगडीवर त्यांनीच ठेवलेलं दूध होतं.

दुकानात रांग होती. परत येताना पहिल्या मजल्यावरच काकांना वास आला. तो वास ओळखण्याचीच त्यांनी आयुष्यभर भाकरी खाल्ली होती. दार उघडलं तर स्वयंपाकघरातून काळा धूर निघत होता. पातेलं लाल झालं होतं आणि शेजारच्या फडक्यानं पेट घेतला होता. काकांच्या हातांनी आपलं काम केलं, गॅस बंद केला, फडकं ओल्या पोत्याखाली दाबलं, खिडकी उघडली. आणि मग त्यांना ते ऐकू आलं. टक, टक. थोडं थांबून पुन्हा टक, टक.

काकू ओरडत नव्हत्या की दार बडवत नव्हत्या. दुसऱ्याच्या घराचं दार वाजवावं तसं त्या बोटानं हलकेच वाजवत होत्या. काकांनी कडी काढली. दारात त्या खोकत उभ्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि अदबीनं विचारलं, "येऊ का आत?"

खालच्या वहिनींनी वर येऊन विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "दूध करपलं." संध्याकाळच्या आत त्यांनी कडी उपसली, भोकं लांबी भरून बुजवली आणि वरून चौकटीचाच रंग फासला. त्या दिवसापासून काकूंना एकटं सोडून ते दाराबाहेर गेले नाहीत. आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी घर विकायला काढलं.

लेक चिडली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, तिच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या विकाऊ होत्या आणि काकांना त्या घ्यायच्या होत्या. "बाबा, डॉक्टर काय म्हणाले? ओळखीचं घर सुटलं तर आईचं उरलंसुरलंही जाईल. इथे तिला निदान मोरी कुठे आहे ते कळतं. पाहिजे तर बाई ठेवू. पण घर कसलं विकताय?"

"दोघांना एवढं घर कशाला?" काका म्हणाले. ह्यापलीकडे त्यांना काही सांगता येईना. खरं सांगितलं तर लेक आईला आपल्यापाशी नेईल आणि पुन्हा ह्या हातांत देणार नाही, ह्या भीतीनं ते तेवढंच वाक्य पुन्हा म्हणायचे. रात्रंदिवस एकट्यानं पुरं पडणं आता होत नव्हतं, लेक हाकेच्या अंतरावर हवी होती, आणि तेही बोलवत नव्हतं. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. जगाला दोघांची नावं घालायला सांगणाऱ्या माणसाचं ते काम राहूनच गेलं होतं. आता त्यामुळे विक्री सोपी झाली, ह्याचीही त्यांना लाजच वाटली.

गिऱ्हाईक आलं की काका घराचे दोष दाखवायचे. ही भिंत पावसात ओल धरते. ह्या नळाला उन्हाळ्यात पाणी बारीक येतं. स्वयंपाकघराची वायर नवी आहे, पण बाहेरच्या खोलीची जुनी, ती राहायला येण्याआधी बदला. गिऱ्हाईक "कळवतो" म्हणून जायचं ते जायचंच. एजंट कपाळाला हात लावायचा. "काका, तुम्ही घर विकताय की घराविरुद्ध तक्रार नोंदवताय? तोंडाला जरा कुलूप घाला." कुलूप म्हटल्यावर काका त्याच्याकडे असे बघायचे की तो गप्प व्हायचा.

अशात शिवणवाल्या बाई आल्या. समोरच्याच रस्त्यावर त्यांचं कपडे शिवण्याचं दुकान होतं. नवरा बाहेरगावी नोकरीला, घरात म्हाताऱ्या सासूबाई. ओल ऐकून त्या म्हणाल्या, "भिंतच आहे ती, ओल धरणारच." नळाचं ऐकून म्हणाल्या, "पिंप ठेवीन." असं गिऱ्हाईक एजंटला जन्मात मिळालं नव्हतं. झोपायच्या खोलीच्या दाराशी मात्र बाई थबकल्या. चौकटीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"इथे काय होतं हो?"

"कॅलेंडर," काका म्हणाले.

"एका कॅलेंडरला चार खिळे?"

"जड होतं."

लेक त्या दिवशी तिथेच होती. तिनं वडिलांकडे पाहिलं. ओल, नळ, वायर सगळं धडाधडा सांगणारा माणूस एका खिळ्यापाशी अडखळला, हे तिच्या ध्यानात आलं.

बयाण्याच्या दिवशी सगळी बाहेरच्या खोलीत बसली. काकू खिडकीपाशी आपल्या खुर्चीवर होत्या. एजंटनं पावती लिहून आणली होती. शिवणवाल्या बाईंनी पर्समधून चेक काढला आणि हातात धरूनच म्हणाल्या, "काका, एक सल्ला हवा होता. तुमची ख्याती ऐकलीय. आमच्या सासूबाईंना आता काही उमजत नाही, वाट फुटेल तिकडे जातात. मी दुकानात गेले की बाहेरून कडी घालून जाते. करणार काय? त्या चौकटीवर तुमचीही कडीच होती ना? रफू मला कळतं, माझा धंदाच आहे. बुजवलीत कशाला? मला आयती झाली असती. आता कुठली बसवू, तेवढं सांगा."

एजंट पावतीकडे बघत होता. काका लेकीकडे बघत होते.

गप्प बसले असते तर घर त्याच मिनिटाला विकलं गेलं असतं. "लोखंडी घ्या, पितळी वाकते," एवढं एक वाक्य पुरलं असतं. उघड बोलावं तर लेक दुरावणार, आणि आग लागलेलं घर म्हणून हे गिऱ्हाईकही हातचं जाणार. काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबले.

"कुठलीच बसवू नका," ते म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. रांग, जिन्यातला वास, पातेलं, फडकं. गॅसपाशी जाऊ नये म्हणून तिला कोंडलं आणि गॅस मीच चालू ठेवून गेलो, हे सांगतानाही ते थांबले नाहीत. आत कशी टकटक वाजत होती, तेही सांगितलं. "ओरडली असती तर बरं झालं असतं हो. तिला वाटत होतं आपण दुसऱ्याच्या दारात उभ्या आहोत."

लेकीनं विचारलं, "किती वेळ होती आई आत?"

"मला माहीत नाही. मी रांगेत होतो."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू तिला माझ्यापासून दूर नेलं असतंस."

"नेलंच असतं," लेक म्हणाली. तिनं शब्द मऊ केला नाही. उठून ती आईच्या खुर्चीशेजारी खाली बसली आणि आईचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. काकूंनी तिच्याकडे प्रेमानं बघितलं, कुणाची तरी मुलगी आहे एवढं ओळखून.

शिवणवाल्या बाई मघाशीच उभ्या राहिल्या होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी कडी घालून आलेय," त्या म्हणाल्या. "आत्ता इकडे येताना."

आणि चेक तसाच पर्समध्ये कोंबून त्या जिन्यानं धावत सुटल्या. एजंट "अहो ताई, पावती!" म्हणत कठड्यापर्यंत गेला आणि परत येऊन खुर्चीत कोसळला. "झालं," तो म्हणाला, "हातातोंडाशी आलेला घास गेला." काकांनी त्याला पाणी दिलं. त्यांना स्वतःला विलक्षण दमल्यासारखं वाटत होतं, पण पावसाळ्यापासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं.

तिन्हीसांजेला बाई पुन्हा आल्या. या वेळी सासूबाईंना हाताला धरून, एकेक पायरी चढवत आणलं होतं. सासूबाईंना काकूंच्या शेजारी बसवलं. दोघी एकमेकींकडे बघून, जुनी ओळख असावी तशा हसल्या. बाईंनी चेक टेबलावर ठेवला.

"मशीन ह्या पुढच्या खोलीत आणते," त्या म्हणाल्या. "दुकान भाड्यानं देईन. गिऱ्हाईक जिना चढून येईल नाहीतर न येईल. त्या माझ्या नजरेसमोर राहतील."

"दाराला आतून साखळी लावा, वरच्या बाजूला. तुमच्या हाताला येईल, त्यांच्या येणार नाही," काका म्हणाले. "पण तुम्ही घरात असाल तेव्हाच. आणि त्याआधी बाहेरच्या खोलीची वायर बदला."

"बदलते."

लेक अजून वडिलांशी बोलत नव्हती. निघताना दारात मात्र म्हणाली, "नव्या घराची एक किल्ली माझ्याकडे राहील. आणि दुपारी आईजवळ मी बसणार. तेव्हा तुम्ही झोपायचं." काकांनी मान हलवली.

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. नव्या घरात काकूंना मोरी सापडेना, खिडकी कुठे तेही उमगेना. पहिले काही दिवस त्या पदर हातात धरून नुसत्या उभ्या राहायच्या. काकांनी राहायला येण्याआधीच सुताराला बोलावून झोपायच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं होतं. सुतार म्हणाला, "काका, पडदा तरी?" काका नको म्हणाले. तिथे नुसती चौकट होती. आरपार दिसायचं.

तरी काकू त्या चौकटीशी येऊन थांबतात. समोर काही नसतं, पाऊल टाकलं की झालं. पण त्या थांबतात, बोट दुमडतात आणि चौकटीच्या लाकडावर हलकेच वाजवतात. टक, टक. काका हातातलं काम टाकून उठतात. दिवसातून कितीदा उठतात ते लेकीनं पाहिलं आहे आणि त्यांना एकदाही बसल्या जागेवरून उत्तर देताना ऐकलेलं नाही. ते चौकटीपर्यंत जातात, बायकोसमोर उभे राहतात.

"येऊ का आत?" काकू विचारतात.

"ये ना," काका म्हणतात. "उघडंच आहे गं."