मडगार्डात लावलेली कणीक

कणीक मळून झाली की मी तिच्यावर तीन बोटं दाबते. आमच्याकडे सगळ्या बायका दाबतात. गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो, तो तसाच झाकून ठेवू नये, असं आईनं सांगितलं होतं. शाळेत चौथीपर्यंत शिकलेलं बरंचसं विसरले, पण हे हाताला लागलं ते लागलंच. दुबईपलीकडच्या रास अल खैमात येऊन एकोणीस वर्षं झाली, तरी परातीत हात आपोआप तसा जातो.

आमचे हे इथल्या इंडस्ट्रियल भागातल्या एका गॅरेजात टायर बसवायचं काम करत. मी एका मराठी साहेबांच्या घरी स्वयंपाकाला आहे. साहेब टाइल्सच्या फॅक्टरीत इंजिनिअर, मूळचे पुण्याचे. त्यांची मुलगी सोळा वर्षांची, इथंच वाढलेली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं छान जमतं. ही वही तिचीच. अर्धी कोरी होती म्हणून तिनं टाकून दिली होती.

ह्यांची नजर दोन वर्षांपासून चालली होती. साखरेमुळं. कडेचं दिसायचं, पण नेमकं जिथं बघावं तिथं धुरकट डाग. टायरच्या अंगावरचे आकडे वाचता येईनात. मग ते फोननं फोटो काढून मला पाठवत, आणि मी साहेबांच्या ओट्यापाशी उभी राहून हळूच आकडे बोलून परत पाठवत असे. गॅरेजच्या मालकाला नजरेचं कळलं असतं तर व्हिसा पुढं वाढला नसता. रिन्यूअलला आठ महिने होते. "एवढी दोन वर्षं मिळाली की जाऊ गावाला," असं हे म्हणत. गावाला जाऊन काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून ती दोन वर्षं हवी होती.

आकडे वाचून वाचून मला टायर कळायला लागले. दोनशे पंचावन्न, साठ, पंधरा. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमधे. दुसरा उंची, म्हणजे रुंदीच्या शेकडा साठ. तिसरा रिमचा, इंचात. शेकडेवारी आमच्या शाळेत माझ्यापर्यंत आलीच नव्हती. ह्यांनी ती मला ताटातल्या पोळीवर समजावली.

मग साहेबांनी ती गाडी घेतली. पन्नासहून जास्त वर्षांची अमेरिकन गाडी, दोन दारांची, लांब नाकाची. एका अरबाच्या शेतावर खजुराखाली उभी होती. इंजिन सुरू झालं की घराच्या काचा थरथरत. मुलगी तिला मसल कार म्हणायची.

"तुमच्या वयाला शोभतं का हे?" वहिनींनी विचारलं.

"गाडीचं वय बघ ना. माझ्याहून मोठी आहे. मीच तिच्यापुढं कॉलेजकुमार," साहेब म्हणाले.

चाकं बदलायची ठरल्यावर त्यांनी ह्यांना घरी चहाला बोलावलं. मी आतून ऐकत होते.

"काका, मागं रुंद टायर पाहिजेत. गाडी नुसती उभी असली तरी माणसानं वळून बघितलं पाहिजे."

"साहेब, मूळ चाकं चौदा इंची आहेत. आपण पंधराची रिम घेऊ, मागची आठ इंच रुंद. पुढं दोनशे पस्तीस, मागं दोनशे पंचावन्न. त्याच्यापुढं जाऊ नका."

"दोनशे पंच्याहत्तर का नको? नेटवर सगळे लावतात."

"नेटवरची गाडी उभी असते साहेब. आपल्याला चालवायचीय."

मुलगी खो खो हसली. "ओ माय गॉड, पपा, काका जस्ट रोस्टेड यू!"

"अहो, वीस मिलिमीटरनं काय होतंय? करंगळीएवढं," साहेब म्हणाले.

"करंगळी दारात चिमटली तर ओरडतोच की आपण. मागं माणसं बसली की गाडी खाली दबते. मडगार्डाची आतली कड पत्र्याची आहे, टायरला घासेल."

शेवटी ठरलं की पंच्याहत्तरचे टायर आधी बसवून बघायचे, आणि कणीक सांगेल ते ऐकायचं.

ही कणकेची पद्धत ह्यांची स्वतःची. पूर्वी ते पट्टीनं मोजत. नजर गेल्यावर मडगार्डाच्या आतल्या कडेला घट्ट कणकेचा थापा लावायचा, गाडीत माणसं भरायची, गतिरोधकावरून न्यायची आणि परत येऊन कणीक चाचपायची. टायर लागला असेल तर ती दबते. डोळ्यांनी जे कळत नसे ते बोटांना कळायचं. गिऱ्हाइकांना ती गंमत वाटायची. का करतात ते कुणी विचारत नसे.

शनिवारी मी कणीक मळून गॅरेजात नेली, मीठ घालून, पाणी कमी. वजनाला माणसं हवीत म्हणून मलाही गाडीत बसायचं होतं. मडगार्डात थापा मीच लावला, दोन्ही बाजूंना, आणि लावल्यावर सवयीनं प्रत्येकावर तीन बोटं दाबली.

"मावशी, पोळ्या इथंच लाटणार का?" साहेब म्हणाले. सगळे हसले. मी पदरानं हात पुसले.

साहेब चालवायला, हे त्यांच्या शेजारी, मागं मी आणि मुलगी. डिकीत टाइल्सचे खोके. तीन गतिरोधकांवरून जाऊन आलो.

डाव्या बाजूची कणीक होती तशीच होती. उजव्या बाजूला ह्यांनी हात घातला आणि त्यांचं बोट थांबलं. मीही वाकून बघितलं. माझे तीन खळगे एका ओळीत होते. त्यांच्या थोडं बाहेर चौथा होता, उथळ, आणि त्याच्या तळाला बारीक रेघा. टायरच्या नक्षीच्या.

"काय काका, टॉर्च देऊ? दिसत नाहीये का?" साहेबांनी विचारलं. सहज विचारलं. पण गॅरेजचा मालक दारातच उभा होता, आणि साहेबांचं हिंदी-मराठी सगळं त्याला कळायचं.

"नको नको," हे घाईनं म्हणाले. मग माझ्याकडं तोंड करून, "अगं, ही तुझीच बोटं ना?"

नाही म्हटलं असतं तर साहेब वाकले असते. वाकले असते तर रेघा दिसल्या असत्या, आणि ह्यांना त्या दिसल्या नाहीत हेही.

मी म्हटलं, "हं."

"मग टायर बसले, साहेब. चालेल."

"बघा! मी म्हणत होतो. चला, यल्ला!" साहेबांनी किल्ली हवेत उडवून झेलली.

घरी गेल्यावर सांगू, असं मी ठरवलं होतं. घरी हे इतके खुशीत होते की वाटाण्याची उसळ दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी वाटलं, साहेबांनाच सांगावं. बारा वर्षांत मी साहेबांशी 'हो' आणि 'झालंय' यापलीकडं बोललेले नाही. चहाचा कप ठेवला आणि परत फिरले. तिसऱ्या दिवशी मनाला म्हटलं, चौथा खळगा माझ्या अंगठ्याचाही असेल. त्या रेघा मी पाहिल्या होत्या. तरी म्हटलं.

सोळा दिवसांनी साहेबांचे भाऊ-भावजय पुण्याहून आले. त्यांना घेऊन सगळे बर दुबईला साड्या घ्यायला निघाले. गाडीत पाच जण. हायवेवर मागचा उजवा टायर फुटला आणि गाडी गोल फिरून कठड्यावर गेली. साहेबांच्या दोन बरगड्या मोडल्या. बाकीच्यांना खरचटलं. मुलीचा डावा हात सीट आणि पत्र्याच्या मधे सापडला.

तीन ऑपरेशनं झाली. बोटं अजून मिटत नाहीत. पूर्वी ती शाळेतून आली की तव्यावरची पोळी दोन्ही हातांनी फाडून उभ्या उभ्याच खायची. आता मी तुकडे करून ताटलीत देते. "इट्स ओके, मावशी," असं ती म्हणते. रोज म्हणते.

गाडी ओढून गॅरेजातच आणली होती. हे त्या टायरवरून हात फिरवत किती तरी वेळ बसले होते, असं त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यानं मला सांगितलं. बाहेरच्या बाजूला गोल चीर गेली होती, सुरीनं मारावी तशी. मालक म्हणाला, "पुरानी गाडी थी, खलास. लडकी ठीक हो जाएगी, इन्शाल्ला." साहेबांनीही कुणाला दोष दिला नाही. करंगळीचा हट्ट आपलाच होता, असं ते वहिनींना म्हणताना मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी हे स्वतः मालकापुढं जाऊन उभे राहिले आणि नजरेचं सांगून आले. मला विचारलं नाही. आता व्हिसा संपायला तीन आठवडे आहेत. ते दिवसभर खोलीत बसून असतात. ही वही त्यांना वाचता येणार नाही, म्हणून मला लिहिता येतंय.

काल संध्याकाळी मी कणीक मळत होते. हे भिंतीला टेकून बसले होते.

"त्या दिवशी कणकेवर किती बोटं दाबली होतीस?"

तीन म्हटलं असतं तर चूक त्यांच्या बोटांची होती. आणि माझी.

"चार," मी म्हटलं.

ते पुढं सरकले, हात लांब करून परात शोधली, गोळा शोधला. मी आत्ताच दाबलेल्या खळग्यांवरून त्यांचं बोट हळूहळू गेलं. एक, दोन, तीन. पुढं जिथं चौथा असायला हवा तिथं ते थोडा वेळ फिरत राहिलं. तिथं कणीक गुळगुळीत होती.

त्यांनी हात काढून घेतला, लुंगीला पुसला.

"पोरीचा डावा हात ना?" माहीत असूनही त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं, "डावा."