भुकेचं औषध

“पोटाला विचारून सांगते.” पोशीला काहीही विचारा, उत्तर हेच. उद्या ऊन पडेल का, पोशे? लेकीला त्या घरात द्यावी का, पोशे? ती पदराखालून पोट चाचपायची, जरा थांबायची, मगच बोलायची.

दाभोसा गावची ही लेक जव्हारखालच्या पाड्यावर दिलेली. संस्थानाच्या धान्यकोठाराचे कोठावळे सदोबा, त्यांच्या परसात ती भात कांडायची. मोबदला म्हणजे कण्या, आणि सदोबांचं जेवण झाल्यावर उरेल ते. उरायचंही पुष्कळ; ते ती पोटलीत बांधून घरी न्यायची. त्या पोटलीवर तिची सून तुळशी आणि दोन नातवंडं भादव्याचा महिना काढायची, कारण नागलीचं पीक अजून शेतात हिरवंच असायचं.

रयतेचं भात मोजता मोजता सदोबा स्वतःच कणगीएवढे झाले होते. दसऱ्याच्या दरबारात मुजऱ्याला उभं राहायचं, आणि अंगरख्याचे बंद तर एकमेकांना भेटेनात. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टराने त्यांना भूक मारायच्या गोळ्या लिहून दिल्या. सदोबांचं ताट तसंच परत येऊ लागलं. त्यांच्या पत्नीने, बाईसाहेबांनी, मग रांधणंच कमी केलं आणि पोशीची पोटली रिकामी लोंबू लागली.

बंद जवळ येऊ लागले खरे, पण सदोबांची झोप उडाली. ते पहाटेपासून ओटीवर येरझारा घालत. तोंड सुकलेलं, डोळे वटारलेले, हात असा थरथरायचा की चहा मिशांना मिळायचा.

एका सकाळी ते परसात ओरडत आले, “पोशे, थांबव ते मुसळ! छाती फुटतेय माझी!”

पोशी भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. “मुसळ कवाच थांबलंय, सायब.”

सदोबांनी छातीवर हात ठेवला. आत कांडण जोरात चाललं होतं.

“काय खाता तरी काय तुमी?”

“भुकेचं औषध,” ते खेकसले. “तुला काय कळतंय त्यातलं?”

पोशीला मात्र सगळं कळलं. पाड्यावर भुकेचं औषध एकच, कडूकंद. रानातून खणायचा, राखेत उकळायचा, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, तेव्हा कुठे त्याचा कडूपणा जातो. घाईघाईने तसाच खाल्ला तर घसा सुकतो, डोकं फिरतं, छाती धडधडते. तिचा धाकटा दीर असाच मरता मरता वाचला होता. मुंबईच्या शहाण्याने कडूपणा काढलाच नव्हता! कडूपणा गेला की सायब जेवतील, सायब जेवले की उरेल, आणि उरलं की पोरं झोपतील. याबद्दल पोटाला विचारायचीही गरज नव्हती.

संध्याकाळी घरी निघताना तिने ओटीवरच्या सदोबांच्या डबीतल्या गोळ्या फडक्यात बांधल्या आणि परसामागच्या ओहळात दगडाखाली ठेवल्या.

सकाळी फडकं स्वच्छ धुतलेलं होतं. आत काहीच नव्हतं.

तिने ते पिळून सदोबांपुढे धरलं. “लई कडू होतं, सायब. समदंच गेलं.”

सदोबांचा आवाज वाड्याबाहेर गेला. “मुंबईचं औषध माशांना घातलंस! आता ते मासे दसऱ्याला मुजरा करतील का? चालती हो! परत पाऊल टाकशील तर बघ!”

पोशी हलली नाही. “आजचं कांडून जाते. कण्या लागतील.”

ती उन्हं कलेपर्यंत कांडत राहिली. जाताना बाईसाहेबांनी चोरून तिच्या पोटलीत चार भाकऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी कांडलेले तांदूळ संपले म्हणून त्यांनीच तिला निरोप धाडून बोलावलं. पोशी आली, तर ओटीवरचे पाय थांबलेले. सदोबा रात्रभर घोरले होते आणि उठल्या उठल्या भाताचं पातेलं पुसून बसले होते. परत बाईसाहेबांना हाक मारत होते, “आणखी काही आहे का गं?”

संध्याकाळी पोशी पोटली डोक्यावर घेऊन निघाली. आज ती मान दुखेल इतकी जड होती. सदोबा दारापर्यंत आले. अंगरख्याचे बंद पुन्हा फारकत घेऊन लोंबत होते.

“पोशे,” ते हळूच म्हणाले, “उद्या येशील ना?”

तिने एक हात पोटलीवरून काढला, पदराखाली नेला, जरा थांबली.

“पोटाला विचारून सांगते,” ती म्हणाली आणि पाड्याच्या उताराला लागली. तिचं पोट काय म्हणतंय हे कळेना म्हणून सदोबा स्वतःच्या पोटावर हात ठेवून, ती करवंदीच्या जाळीआड जाईपर्यंत बघत राहिले.